गडग्यावरचा फणस

पिकल्या फणसाचा वास आला की अजूनही मला ती दुपार आठवते. झांजिबारच्या शाळेतली मास्तरकी सुटून मी रत्नागिरीला घरी येऊन बसलो होतो. मोंबासाची एक शाळा मला घ्यायला तयार होती, पण तिकडे जायच्या परवान्यासाठी पोलिसांचा चांगला शेरा हवा होता. त्या दुपारी हवालदार आला तो सरळ आमच्या दोन आवारांमधल्या दगडी गडग्यापलीकडच्या काकांकडे गेला. गडग्यावरचा फणस कुणाचा, यावरून आमचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्यातून खाडीवर सत्याग्रहींबरोबर खारं पाणी उकळून मीठ काढताना त्यांनी मला पाहिलेलं. मी दाराआड उभा राहिलो. बाहेर उन्हात फुटलेल्या फणसावर माश्या घोंगावत होत्या. "हा मास्तर मिठाच्या भानगडीत होता काय हो?" हवालदाराने विचारलं. काकांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "छे, तो कसला जातोय? घाबरट आहे अगदी." हवालदार वळणाआड गेल्यावर त्यांनी माझ्या दाराकडे न बघताच आवाज चढवला, "जा आता एकदाचा. फणस मी उतरवून घेतो." परवाना मिळाला, मी गेलो. मिठाचं ते माझ्यासाठी खोटं बोलले. घाबरट म्हणाले ते मात्र खरं होतं, आणि अजून आहे.