प्रश्न न विचारणारी सीडी

माझा दादा लातूरला एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता. कॉलेजात असतानाच त्याची नजर गेली. घरच्या कॉम्प्युटरवर त्यानं पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम घेतला होता. त्यावर तो बातम्या ऐकायचा, पत्रं लिहायचा. मी नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. त्याच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला की त्याचा फोन यायचा, आणि मी एसटीनं जाऊन विंडोज नव्यानं टाकून द्यायचे.

एकदा म्हणाला, "हे मलाच जमलं पाहिजे, बाई. दर वेळी तुला किती पळवू?"

अडचण अशी, की विंडोज बसत असतं तेव्हा ते मुकं असतं. पडद्यावर प्रश्नामागून प्रश्न येतात आणि ते वाचून दाखवणारा प्रोग्राम तर अजून बसलेलाच नसतो. म्हणून मी एक सीडी बनवली. सगळी उत्तरं तिच्यातच लिहिलेली. शिवाय दादाच्या त्या प्रोग्रामचा मराठी आवाज चालायला विंडोजची आवाजाची एक फाइल बदलावी लागायची. तीही शेवटी आपोआप बदलेल असं केलं.

सीडी तयार झाली आणि मला धास्ती बसली. जी काहीच विचारत नाही, ती 'पुसू का?' असंही विचारत नाही. त्याच्या हार्ड डिस्कचे दोन भाग होते; एकात विंडोज, आणि दुसऱ्या भागात दादानं प्रमोशनच्या परीक्षेचा सगळा अभ्यास स्वतःच्या आवाजात साठवला होता. चुकून तो भाग पुसला गेला तर? आधीच्या खेपेला त्याची नक्कल काढून ठेवली होती, तरी जिवाला चैन नव्हतं.

रविवारी लातूरला गेले. "तू आत यायचं न्हाई," दादानं बजावलं. मी आणि वहिनी स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसलो. आतून सीडीची घरघर ऐकू येई, मग थांबे. वहिनी हळूच म्हणाली, "लई वेळ झाला, न्हाई का?"

"आवाज येना," आतून दादा म्हणाला.

मी धावले. पडद्याच्या मधोमध एक चौकट उभी होती. विंडोज म्हणत होतं, माझी एक फाइल बदलली गेली आहे, मूळची सीडी घाला. विंडोज आपल्या महत्त्वाच्या फाइलींवर पहारा ठेवतं, हे मला ठाऊक होतं; पण हातानं बदलताना अशी चौकट मीच बंद करायचे, म्हणून सीडी बनवताना ती लक्षात आली नाही. सगळं बसून झाल्यावर माझी सीडी फाइल बदलत होती आणि तोवर पहारा जागा झालेला असे. प्रश्नच येणार नाही असं मी दादाला सांगितलं होतं, आणि तो बिचारा एका प्रश्नासमोरच हात मांडीवर ठेवून बसला होता. मला त्याच्याकडे बघवेना.

"काय विचारून राहिलं ते?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो हसला. "मग त्याला आधीच गप कर की."

परतीच्या बसमध्ये, अहमदपूर गेलं तरी, तेच डोक्यात. विंडोज त्या फाइलीची दुसरी प्रत लपवून ठेवतं आणि कुणी पहिली बदलली की त्या लपवलेल्या प्रतीवरून जुनी परत आणतं. म्हणजे पहारा जागा व्हायच्या आत, विंडोज बसत असतानाच, दोन्ही प्रती बदलायला हव्यात. दुकानात जुन्या मशीनवर तसं करून पाहिलं. चाललं. पण दुकानातलं मशीन वेगळं, दादाचं वेगळं. नवी सीडी लातूरच्या बसमध्ये ओळखीच्या कंडक्टरजवळ दिली.

वहिनी माहेरी जळकोटला गेलेली असतानाच दादानं मुद्दाम ती घातली. घरात डोळस माणूस नाही, आणि मला फोन केला तो सुरू केल्यावर.

"दादा, थांबायचं तरी! मी आले असते."

"म्हणूनच न्हाई सांगितलं. आता बोलू नको, ऐक."

त्यानं फोन टेबलावर ठेवला. पंख्याची घूं घूं येत होती. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं. मी हातानंच 'थांबा' म्हटलं. एकदा मशीन बंद होऊन चालू झाल्याची टिक आली. मग काहीच नाही. लाइट गेली असेल का? पुन्हा ती चौकट आली असेल? दुसरा भाग पुसला गेला असेल? 'दादा' म्हणून हाक मारावी वाटे, पण तो ऐकत होता.

मग लांबून, सर्दी झालेल्या माणसासारखा तो यंत्राचा आवाज आला: "डेस्कटॉप."

कळा दाबल्याचे आवाज. यंत्र एकेक नाव वाचत गेलं, आणि मग फोनमधून दादाचाच आवाज ऐकू आला, परीक्षेची उत्तरं सांगणारा. दुसरा भाग जागेवर होता. मी खुर्चीत बसले तेव्हा कळलं, इतका वेळ मी उभीच होते.

"आलं का गं ऐकू?" खरा दादा फोनवर आला.

"हाव."

"ठेव मग. बातम्या ऐकायच्यात मला."

त्यानंतर त्या कामासाठी त्यानं मला कधी बोलावलं नाही. पुढे कळलं, उदगीरच्या एका अंध मित्राकडे जाऊन त्यानं त्याचंही मशीन तसंच करून दिलं होतं.