निरोपाआधीचं पाणी

"पहिले पाणी आणा बाई, मंग बोलतो."

दारात आले की मामाजींचं हे पहिलं बोलणं. काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या, एक लाल आणि एक हिरवी. चपला चिखलाने भरलेल्या, म्हणून ते ओट्यावर चढत नसत, खालीच उभे राहत. लोटा हातात येईपर्यंत घरातलं कोणी त्यांना काही विचारत नसे. विचारायची छातीच होत नसे.

आमच्याकडे असा रिवाज आहे की मरणाची खबर आणणारा माणूस त्या घरचं पाणी पीत नाही. "राहू द्या पाणी" एवढं तो म्हणाला की पुढचं त्याला सांगावं लागत नाही. बाया आतूनच रडायला लागतात. म्हणून मामाजींनी पाणी मागून घेतलं तरी लोटा हातात दिला की लहानमोठ्या सगळ्यांची नजर त्यांच्या गळ्यावर. घोट खाली उतरलेला दिसला की घरात जीव यायचा. मग निरोप कसलाही असो, ताप असो, भांडण असो, ऐकायची ताकद यायची.

सगळं गाव त्यांना मामाजी म्हणायचं. ते रेल्वेत होते. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी लहान गाडी तुमच्यापैकी कोणी पाहिली असेल. इंग्रज साहेबाच्या काळात कापूस वाहायला टाकलेली ती लाईन. रूळ तेव्हाचे, पूलही तेव्हाचेच. फाटकावर वेगळा माणूस नसायचा. फाटक आलं की गाडी थांबायची, मामाजी उतरून फाटक लावायचे, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, मामाजी फाटक उघडून धावत येऊन डब्यात चढायचे. प्रत्येक रस्त्याला हेच.

आमच्या समोरची सुभद्राकाकू त्यांना चिडवायची. "मामाजी, तुमच्या गाडीपक्षा माहा बैल बरा."

"बैल हाकलाव लागते काकू. हे आपली आपण थांबते," मामाजी म्हणायचे.

पण आमच्या गावाला ती गाडी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. गाव दोन नाल्यांच्या मधे. पावसाळ्यात नाल्यांवरचे दोन्ही रपटे, म्हणजे रस्त्याचे बुटके पूल, बुडाले की एसटी बंद, टपालवाला बंद, दवाखाना बंद. चहूकडे पाणी आणि मधे आम्ही. फक्त गाडीचा लोखंडी पूल पाण्याच्या वर राहायचा. गावात फोन नव्हता. बाहेर कोण आजारी आहे, कोण बाळंत झाली, हे कळायचं ते मामाजींकडूनच. वाटेतल्या ठेसनांवर लोक त्यांच्याजवळ निरोप देत. आमच्या गावाला गाडी थांबली की ड्रायव्हरला हात करून ते घराकडे येत, आणि ते परत जाईपर्यंत गाडी उभी राही.

निरोप ते लिहून घेत नसत. पण सांगायचे असा की माणूस समोर उभा राहावा. कोणी दिला, कुठे उभा राहून दिला, त्याच्या हातात काय होतं, बोलताना तो हसत होता की नाही, सगळं. ऐकणारा म्हणायचा, आता बस करा मामाजी, गाडी हॉर्न वाजवून राहिली. तरी ते पूर्ण सांगूनच जात.

एकदा मात्र मोठा घोळ झाला. सुभद्राकाकूची लेक दारव्ह्याच्या दवाखान्यात बाळंतपणासाठी गेलेली. मामाजी आले आणि दारात उभे राहिले. काकूने लोटा पुढे केला. त्यांनी हातानेच नको म्हटलं. झालं, काकू तिथेच खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला. आम्ही सगळ्या धावलो. मामाजी दोन्ही हात हलवून नाही नाही करत होते, पण तोंडातून शब्द निघेना. त्यांनी त्याच दिवशी दाढ काढली होती आणि तोंडात कापसाचा बोळा होता. शेवटी बोळा काढून बोलायला गेले, तर ओठावरून रक्त वाहिलं. ते पाहून काकू आणखीच ओरडली.

"नातू झाला, नातू," मामाजी कसेबसे म्हणाले. "चांगला गुटगुटीत हाये."

काकूने पदराने डोळे पुसले. "मंग पहिले दाढ दाखवाची ना, मुडद्या. माहा जीव गेलता आत्ता."

तेव्हापासून मामाजींनी ठरवून टाकलं. तहान असो नसो, थंडी असो, दाढ दुखो, निरोप मरणाचा नसला तर प्रत्येक घरी पाणी प्यायचं. हिवाळ्यात पोटावर हात फिरवत म्हणायचे, "गावाचे निरोप, अन् नाला माह्या पोटात."

मी त्यांच्याशी कधी बोलले नाही. मी पहिल्यापासून बुजरी. सासरी आले तेव्हापासून दाराच्या आडूनच लोटा द्यायचे आणि आडूनच ऐकायचे. पण ते गेल्यावर किती वेळ मी दाराच्या आडच बसून राही, ते मलाच माहीत. माझी माय पलीकडच्या गावी होती, दम्याची. बाप लहानपणीच गेला. दर पावसाळ्यात मला वाटायचं, या वर्षी मामाजी माझ्या दारात येतील आणि पाणी घेणार नाहीत. चुलीपुढे बसलेली असताना गाडीचा हॉर्न ऐकला की माझा हात थांबायचा. हाळीचा आवाज दुसऱ्या घरून आला की मी सुटले म्हणायचे. मग दुसऱ्याच्या घरावर गेलं म्हणून आपण सुटलो, याचीही भीती वाटायची.

त्या वर्षी श्रावणात झड लागली. आमचे मालक औषध आणायला आर्णीला गेले ते रपट्याच्या पलीकडेच अडकले. घरात मी, सासू आणि माझी तान्ही लेक. दुपारी हॉर्न वाजला. पावसातून मामाजी आले आणि आमच्याच ओट्याखाली उभे राहिले.

"पाणी आणा बाई," ते म्हणाले. पुढचं, मग बोलतो, ते म्हणाले नाहीत.

मी लोटा घेऊन आले. अर्धं पाणी उंबऱ्यावरच सांडलं. त्यांनी लोटा घेतला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. वरून पावसाचं पाणी त्यात पडत होतं. मी त्यांच्या गळ्याकडे पाहत होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात सगळं पाणी पिऊन टाकलं.

"मायची तब्येत बरोबर नाही. बलावलं हाये. लेकराले घे अन् चाल, गाडी उभी हाये."

सासूने देवाला हात जोडले. "पाणी प्याले, म्हणजे हाये. जाय लवकर."

मी लेकीला घोंगडीत गुंडाळून निघाले. मामाजी पुढे, मी मागे. वाटेत मला आठवलं की निरोप कोणी दिला ते त्यांनी सांगितलं नाही. कुठे दिला, तेही नाही. विचारावं म्हणून तोंड उघडलं, पण मी विचारलं नाही. ते पाणी प्याले होते. मला तेवढंच धरून राहायचं होतं.

पुलाजवळ गाडी थांबली. पाणी पुलाच्या लोखंडाला लागायला थोडंच राहिलं होतं. मातकट, फुगलेलं, आणि त्यात एक अख्खं बाभळीचं झाड गोल गोल फिरत चाललेलं. मामाजी खाली उतरले आणि हिरवी झेंडी घेऊन इंजिनाच्या पुढे पुलावर चालू लागले. एकेका फळीवर पाय दाबून पाहायचे आणि मग पुढचं पाऊल टाकायचे. गाडी त्यांच्या मागे मुंगीसारखी. खालून पाण्याचा आवाज असा यायचा की डबाच नाल्यात आहे असं वाटे. मी लेकीला इतकं आवळून धरलं की ती रडायला लागली. मला बुडायची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. मामाजी पाणी पिताना डोळे मिटून प्याले होते. आजपर्यंत मी त्यांना तसं पिताना पाहिलं नव्हतं.

पूल पार झाला. मामाजी चिंब होऊन डब्यात आले आणि माझ्यासमोर बसले. कापडातून अर्धी भाकर काढून पुढे केली. "खाय पोरी. लेकराले पाज."

मी खाल्ली. भूक नव्हती तरी खाल्ली, कारण ते पाहत होते. लेकीला पाजलं. खिडकीबाहेर तुरीची शेतं पाण्याखाली होती. मायच्या गावाजवळ आलो तसे ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले. मला उतरवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मायच्या घरापुढे माणसं बसलेली होती. वहिनी रडत पुढे आली. "आक्का, किती उशीर केला वं. माय तं सकाळीच गेली. मामाजीले तसंच सांगतलं होतं, गेली म्हणून."

मी हे सासरी सांगितलं नाही. पण वहिनीचं बोलणं आमच्या गावापर्यंत आलं. तुम्हाला वाटेल, लोकांनी त्यांच्या चांगुलपणाचं कौतुक केलं असेल. तसं झालं नाही. गाव घाबरलं. त्यानंतर मामाजी कोणाच्या दारात पाणी प्याले तरी चेहरे सैल होईनात.

"आता तुमी प्याले काय अन् न प्याले काय," सुभद्राकाकू त्यांना तोंडावर म्हणाली, "आमाले कायनं समजन?"

हळूहळू त्यांनी दारात येणं सोडलं. निरोप ठेसनावर भेटेल त्याच्याजवळ द्यायचे, तेही एका वाक्यात. माझ्या घराकडे तर कधीच आले नाहीत. पुढे ते रिटायर झाले, आणि काही वर्षांनी गाडीही बंद पडली. रुळांमधून बाभळी उगवल्या. आता घराघरात मोबाईल आहे. माझी लेक राळेगावला दिलेली आहे, नातवाला सारखा ताप येतो, आणि फोन वाजला की चुलीपुढे माझा हात तसाच थांबतो. फोनला पाणी विचारता येत नाही.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात मामाजी अचानक आले. बोरी अरबला मुलाकडे राहतात, तिथून एसटीने. अगदी वाळून गेलेले. मी घरात एकटीच होते. त्यांना दारात पाहून मला आधी मालकच आठवले, ते शेतात होते.

"भिऊ नको. कोणाचाच निरोप नाही," ते म्हणाले. "तुलेच एक विचाराचं होतं."

ओट्यावर बसून त्यांनी दम घेतला.

"त्या दिवशी पूल हालून राह्यला होता. तुह्या अंगावर लेकरू. सांगतलं असतं अन् तू तिथंच बसली असती तं? भेलेल्या बाईचं दूध आटते. म्हून प्यालो. पण पुलावरून मागं पाह्यलं तं तू खिडकीत बसली होती, अन् तुहं तोंड मले आजपावेतो दिसते. तुले समजलं होतं काय, पोरी? त्या पुलावर तू जाणूनच बसली होती काय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"नाही मामाजी. मले काईच समजलं नोतं. मायले भेटाले जाऊन राह्यली, म्हून मी खुशीत होती."

"खरं?"

"खरं."

त्यांनी मान हलवली. मग उठले. जेवून जा म्हटलं तर, एसटी जाईल म्हणाले. मी दाराच्या आडून पाहत होते. एसटी थांबली, कंडक्टरने हात देऊन त्यांना वर घेतलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांना माझ्या तोंडावरून खरं काय ते कळलं असतं, म्हणून एसटी दिसेनाशी झाली तरी मी दाराच्या आडच उभी होते.