रिळाची टिकटिक
प्रयोगशाळेत मशीनच्या तेलाचा वास आला की औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरातली एक संध्याकाळ आठवते. पैठणच्या धरणावर मासे धरून आले की बाबा बाहेरच्या खोलीत गळाच्या रिळाची मूठ फिरवून पाहत. ती टिकटिक ऐकून आई तवा ठेवी. पुढे टिकटिक करणारी आतली खिट्टी आणि तिची स्प्रिंग झिजून रीळ मुके झाले, आणि त्याच वर्षी बाबा वारले. वर्षश्राद्धानंतर एका संध्याकाळी मी दोन्ही भाग बदलले, मशीनचे तेल घातले आणि मूठ फिरवली. टिकटिक स्पष्ट उमटली. “आले व्हय गं तुझे बाबा?” आतून आई म्हणाली. “हातपाय धुवा म्हणावं, भाकरी टाकते.” मी चिमट्याने नवी स्प्रिंग काढली आणि झिजलेली परत बसवली. पिठाच्या हातांनी आई दारात आली, बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत म्हणाली, “लगेच गेले?” ती नवी स्प्रिंग आजही माझ्या डबीत आहे. ती उत्तम चालते, हे मला ठाऊक आहे.