कान तयार झाला

माझे मामा कापडाच्या कारखान्यात मागावर होते. लांबलचक शेड, तिच्यात लोखंडी मागांच्या रांगा, प्रत्येक मागावर आडवा धागा नेणारा धोटा एका पेटीतून सुटून दुसऱ्या पेटीवर आदळायचा, आणि असे शेकडो धोटे एकाच वेळी. कॉलेजात असताना मी एकदा निरोप द्यायला आत गेलो होतो. दारातून पाऊल टाकलं आणि आवाज कानात न शिरता थेट छातीत शिरला. मामांच्या जवळ जाऊन मी ओरडलो, तर माझं मलाच ऐकू येईना. मामांनी फक्त माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान डोलावली आणि वळून तुटलेला धागा सांधायला लागले. निरोप पोचला होता.

कामावर नव्याने लागलेल्या माणसाच्या कानात घरी गेल्यावरही शिट्टी वाजत राहायची. तो वैतागायचा, झोपेविना कामावर यायचा. मग काही महिन्यांनी शिट्टी कमी व्हायची आणि शेडमधला गोंगाटही त्याला पूर्वीसारखा टोचायचा नाही. तेव्हा जुने लोक म्हणायचे, याचा कान तयार झाला. ज्याचा कान तयार झाला, त्याने आपल्या रांगेला चहा पाजायचा, अशी तिथली रीत होती. मामांनीही पाजला होता. त्या दिवशी आपण खरे विणकर झालो, असं ते मोठ्या अभिमानाने सांगायचे. कान तयार होत नाही, तो मरायला लागलेला असतो, हे तिथे कोणाच्या मनातही आलं नाही.

एकदा कारखान्याने कानात घालायचे रबरी बोळे वाटले. पगार विणलेल्या कापडाच्या लांबीवर होता, आणि बोळे घातले की माग बिघडल्याचा आवाज कळायचा नाही. ज्या एकाने ते घातले त्याला सगळ्यांनी विचारलं, "काय रे, बायको फार बोलते का?" दुसऱ्या दिवशी त्यानेही काढून ठेवले. मामांच्या घरी त्यातला एक बोळा तेलाच्या बाटलीला बूच म्हणून लागला.

त्या गोंगाटात आवाजाने बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून ही माणसं ओठांनी बोलायची. शब्द तोंडात मोठा करायचा, ओठ नीट उघडायचे, आवाज काढायचा नाही. जोडीला भुवया आणि दोन-चार खुणा. शेडच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी गप्पा मारायचा, मुकादमाची नक्कल करायचा, घरची दुखणी सांगायचा. मुकादम स्वतः या भाषेत कच्चा. तो समोर उभा राहून काहीतरी बडबडायचा, आणि सगळे मान डोलवायचे. मान डोलावली म्हणजे समजलं असं नाही, तुम्ही बोलताना दिसलात, एवढाच त्याचा अर्थ. मुकादमाचं समाधान व्हायचं आणि तो पुढे जायचा.

मामी त्याच शेडमध्ये कांड्या भरायच्या. धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती त्यांच्या हातची. दोघांचं जमलं ते मागांच्या दोन रांगांवरून, ओठांनी. मामा आम्हाला सांगायचे, "लग्नापर्यंत मी हिचा आवाजच ऐकला नव्हता. ऐकला असता तर विचार केला असता." मामी म्हणायच्या, "आणि ह्यांचा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला होता, फक्त मलाच कोणी सांगितलं नाही."

मामांना आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नसे. कानात काही सांगायचं म्हणून ते वाकायचे आणि ती गोष्ट खालच्या मजल्यापर्यंत जायची. पण मामींशी ते घरीही ओठांनीच बोलत. दोन खोल्यांचं घर, मधल्या भिंती पातळ. शेजारणीची एकच तक्रार होती, "यांच्यात भांडण झालं की नुसती भांडी वाजतात. काय झालं ते कळेल तर शपथ." मामा-मामी समोरासमोर बसून तासभर भांडायचे आणि हसायचे, आणि खोलीत काहीही ऐकू यायचं नाही.

त्यांना दोन मुलं. थोरली छोटी, तिचं हेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. धाकटा बाळ. छोटी रोज दुपारी आईबापांचे डबे घेऊन शेडमध्ये जायची, तिथल्या बायकांत बसायची, आणि शाळेतले धडे शिकायच्या आत ओठांचं बोलणं शिकली. बाळला मात्र मामींनी शेडच्या दारातही उभं केलं नाही. "त्याला ह्या कामात घालायचं नाही," असं त्या माझ्या आईला म्हणाल्या आणि संध्याकाळी त्याला आमच्याकडे अभ्यासाला पाठवू लागल्या. तो माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून गणितं सोडवायचा. हुशार होता. बँकेत लागला, साहेब झाला. आईबाप बोलत असताना मात्र तो पाहुण्यासारखा एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघायचा. थोडा मोठा झाल्यावर त्याला त्याची लाजही वाटायची. मित्र घरी आले की म्हणायचा, "आई, जरा आवाज काढून बोला ना."

कारखाना बंद पडला तेव्हा मामांना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांचं अडत नव्हतं. दुकानदार काय म्हणाला ते मामी ओठांनी सांगत. फोनवर छोटी काय म्हणाली, तेही मामीच. मामा ऐकत नव्हते, मामींकडे बघत होते, आणि सगळ्यांना वाटायचं की ठीक चाललं आहे.

ठीक मामींचंही नव्हतं. सुताचा बारीक भुगा वर्षानुवर्षं छातीत गेलेला. खोकला आधी थंडीत यायचा, मग बाराही महिने येऊ लागला. खोकताना त्या तोंड भिंतीकडे फिरवायच्या. मामांना पाठ तेवढी दिसायची. त्यांना पहिल्यांदा खरी कल्पना आली ती मामींना दवाखान्यात ठेवल्यावर, पलंगाच्या कडेवर हात ठेवला आणि त्यांच्या खोकल्याने लोखंड हादरताना हाताला लागलं तेव्हा. नंतर ते मला म्हणाले, आणि त्यांचा तो मोठा आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला, "शेजाऱ्यांना माहीत होतं रे. मलाच माहीत नव्हतं."

मामी गेल्या. बाळने मामांना आपल्याकडे नेलं.

बाळचं घर चांगलं, लिफ्ट असलेल्या इमारतीत. मामांना स्वतंत्र खोली, खिडकीपाशी खुर्ची. सूनबाई स्वभावाने गोड, पण घर आणि ऑफिस अशा दोन्हीकडच्या धावपळीत असलेली बाई. ती चालता चालता बोलायची, ओट्याकडे तोंड करून बोलायची, बाहेर पडताना दारातून सांगून जायची. मामा मान डोलवायचे.

"मामंजी, दूध ठेवलंय, बघाल ना?" मामांनी मान डोलावली. दूध उतू जाऊन पातेलं काळं पडलं, घरभर धूर झाला, आणि मामा खिडकीतून बाहेर बघत बसलेले. त्यावर हसून झालं. मग एकदा सूनबाईला कामावरून यायला उशीर होणार होता. "नातीला खाली बसमधून उतरवून घ्या," असं ती बूट घालता घालता म्हणाली. मामांनी मान डोलावली. मुलगी फाटकापाशी रडत उभी राहिली, आणि शेवटी चौकीदाराने तिला वर आणलं.

तेव्हा बाळ त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर समोरच्या पडद्यावर टाइप करत प्रश्न विचारत होते. आज वार कोणता? मामांनी मान डोलावली. सकाळी काय खाल्लं? मामांनी मान डोलावली. शिवाय अलीकडे ते एकटे असले की त्यांचे ओठ हलायचे, आवाज नाही. डॉक्टरांनी तेही पाहिलं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, घरात एकटं ठेवू नका, असं सांगून गोळ्या दिल्या.

बाळ माझ्याकडे आला. शहराबाहेर वृद्धांसाठी एक जागा त्याने बघून ठेवली होती. "स्वच्छ आहे, दादा. नर्स असते. आम्ही दोघं बाहेर, पोरगी लहान. उद्या त्यांनी गॅस उघडा ठेवला तर?"

"छोटीला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं. ती तिकडून सल्लेच देणार."

छोटी लांबच्या शहरात राहत होती. मी तिला फोन केला. ती सल्ला देत बसली नाही, भडकली. "त्यांचे कान कोणी बघितलेत का? डोकं बघायच्या आधी कान बघावेत, एवढंही तुम्हा शिकलेल्यांना सुचू नये? बाळला सांग, कान बघितल्याशिवाय त्यांना कुठे हलवायचं नाही."

कान बघितले. काचेच्या खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून. कानाचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "कशात काम करायचे?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. हे आजचं नाही म्हणाले, पंचविशीतच सुरू झालं असणार. तेव्हा जे गेलं ते परत येत नाही.

ऐकू येण्याचं यंत्र बसवून पाहिलं. मामांनी ते दोन-तीन दिवस लावलं. ताटाचा, नळाचा, दाराचा आवाज एकदम आत शिरायचा, पण त्यातून शब्द काही निघत नव्हते. "पुन्हा शेड चालू केली रे तुम्ही," असं म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं.

बाळने डॉक्टरांना सरळ विचारलं, "म्हणजे डोकं ठीक आहे ना? फक्त कानच?"

मलाही तेच उत्तर हवं होतं. डॉक्टरांनी ते दिलं नाही. "सुरुवात कानाने झाली," ते म्हणाले. "पण गेला बराच काळ या माणसाशी कोणी बोललेलं दिसत नाही. बोलणं बंद झालं की डोक्याला काम राहत नाही, आणि तेही मागे पडायला लागतं. तुमचे आधीचे डॉक्टर पूर्ण चुकीचे नाहीत. ते उशिरा बरोबर आहेत." मग त्यांनी विचारलं, "त्यांच्याशी पूर्वी कोण बोलायचं?"

बाळ म्हणाला, "आई."

त्या आठवड्यात छोटी आली. दुपारची वेळ, खिडकीतून भरपूर उजेड येत होता. मामा खुर्चीत बसले होते, ओठ हलत होते. छोटीने स्टूल ओढलं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं ठेवलं आणि समोर बसली. ती आता पन्नाशीची आहे आणि तोंडावळा अगदी मामींचा. तिने ओठ मोठे करून काहीतरी म्हटलं. आवाज नाही.

मामांचे ओठ थांबले. मग ते पुढे झुकले, आणि त्यांच्या सगळ्या चेहऱ्यावर एकदम माणूस आला. भुवया वर गेल्या, बोट हलायला लागलं. ते बोलत होते, भराभर, जसं आम्ही लहानपणी पाहायचो तसं. छोटी मधेच हसली, मधेच हात झटकला. नात दारात येऊन उभी राहिली आणि तोंड उघडं ठेवून बघत राहिली. खोलीत काही ऐकू येत नव्हतं.

"काय म्हणतायत?" बाळने विचारलं.

छोटी त्याच्याकडे न वळता म्हणाली, "मुलं झोपली का, विचारतायत. मी म्हटलं, झोपली."

बाळला समजायला जरा वेळ लागला. सूनबाईला आधी समजलं. तिने नातीला उचललं आणि आत गेली.

"ताई, तू छोटी आहेस म्हणून सांग ना त्यांना," बाळ म्हणाला.

"कशाला?" छोटी म्हणाली. "किती दिवसांनी भेटलीय आई त्यांना." मग ती स्टुलावरून उठली. "ये, इथे बस. उजेडाकडे तोंड कर. आवाज काढू नकोस, शब्द तोंडात मोठा कर. घाई करू नकोस."

बाळ बसला. बँकेत शंभर लोकांसमोर बोलणारा माणूस, पण तोंड उघडून पुन्हा मिटलं. मग त्याने ओठांनी काहीतरी म्हटलं. चुकतमाकत. मामा त्याच्याकडे मनापासून, नीट लक्ष देऊन बघत होते. त्याचं झाल्यावर ते बाजूला उभ्या असलेल्या छोटीकडे वळले आणि ओठांनी दोन-तीन शब्द बोलले.

"काय म्हणाले?"

"जेवलास का, विचारतायत."

बाळने बापाकडे पाहिलं आणि सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा करून, ओठांनी सांगितलं. जेवलो. मग तो तिथेच बसून राहिला, हात गुडघ्यांवर. संध्याकाळी त्याने वृद्धांच्या त्या जागेला फोन करून नको म्हणून सांगितलं. सूनबाईने ऑफिसात रोज अर्ध्या दिवसाचं काम मागून घेतलं.

छोटी परत निघाली तेव्हा बॅग खाली न्यायला मी तिच्याबरोबर उतरलो. लिफ्ट सोडून तिने जिना धरला. मधल्या वळणावर ती थांबली आणि भिंतीला टेकली.

"जेवलास का, असं नव्हते म्हणाले," ती म्हणाली. "हा पोरगा नवा आहे का कामावर, असं विचारलं. ह्याला कोणीतरी नीट शिकवा म्हणाले, बिचारा घाबरलाय."

तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्या हातातली बॅग घेतली. "बाळला सांगू नकोस," एवढं म्हणून ती खाली उतरली.

मी सांगितलं नाही. बाळ रोज संध्याकाळी कामावरून आला की दिवा लावून, आपल्या तोंडावर उजेड पडेल असं बापासमोर बसतो. त्याचे शब्द आता बरे व्हायला लागले आहेत. मामा त्याला ओठांनी मागाच्या चार गोष्टी समजावतात, धागा कसा सांधायचा, मुकादम आला की काय करायचं. बाळला निम्मं कळतं, निम्मं नाही. जिथे कळत नाही तिथे तो मान डोलावतो.