घरपोच खुनी

कलावती घाडी गेली सव्वीस वर्षं डोंबिवली पश्चिमेला लोकांच्या दारात वाचनालयाची पुस्तकं पोचवते, आणि या सव्वीस वर्षांत तिनं एकाही वाचकाला खुनी कोण हे आधी सांगितलेलं नाही. लोक विचारतात. दारात उभे राहून, लाडीगोडी लावून विचारतात. ती म्हणते, "मीच सांगितलं तर तुम्ही वाचणार काय?" आणि पुढच्या जिन्याला लागते.

काम सांगायला सोपं, करायला कंबरडं मोडणारं. खांद्यांना दोन कापडी पिशव्या, त्यांत चाळीस पुस्तकं, आणि इमारती बहुतेक लिफ्ट नसलेल्या. सोमवारी कोपर स्टेशनकडची लाईन, मंगळवारी खाडीकडची, असे वार ठरलेले. जुनं पुस्तक घ्यायचं, नवं द्यायचं, कार्डावर सही घ्यायची. नवं कुठलं द्यायचं ते बहुतेक वेळा कलावतीच ठरवते. नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा तो घरी बसला, तो बसलाच. तेव्हा कणकवलीकडून लग्न होऊन आलेल्या या दहावी नापास बाईनं पिशवी उचलली. पिशवीत असेल ते सगळं ती वाचते. कुणाला रडायला आवडतं, कुणाला इतिहास लागतो, कुणाच्या घरी सध्या दुखणं आहे म्हणून तिथं मरणाबिरणाचं पुस्तक द्यायचं नाही, हे सगळं तिला तोंडपाठ.

नवरा-बायको दोघं नोकरीला जाणाऱ्या नऊ घरांच्या चाव्या तिच्याकडे असायच्या. दार उघडायचं, टीव्हीपाशी नवं पुस्तक ठेवायचं, जुनं उचलायचं, कुलूप लावायचं. सव्वीस वर्षांत कुणाच्या घरातला चमचा हललेला नाही. या गोष्टीचा तिला अभिमान होता आणि का असू नये?

आता तिला राग कशाचा आला, ते ऐका.

कोपरच्या लाईनीवर तिसऱ्या मजल्यावर हौसाबाई नावाची एक विधवा म्हातारी राहायची. मुलगा ठाण्याला कोपरीत, तो महिन्या दोन महिन्यांनी उगवायचा. म्हातारीचे डोळे गेलेले, तरी वर्गणी चालू. कारण कलावती दर सोमवारी पुस्तक दिल्यावर तिथं बसून दोन पानं वाचून दाखवायची. आठ वर्षांपूर्वी एका सोमवारी बेल वाजवली तर दार उघडेना. म्हातारीनं अडीअडचणीला म्हणून देऊन ठेवलेल्या चावीनं कलावतीनं उघडलं. हौसाबाई पलंगावर, अंग गार. कलावतीनं मुलाला फोन केला आणि तो येईपर्यंत दीड तास म्हातारीच्या पायावर हात ठेवून तिथंच बसून राहिली, कारण एकटं टाकून बाहेर उभं राहणं तिला जमेना. मग पोलीस आले. चावी हिच्याकडे कशी, हिनंच पहिलं कसं बघितलं, म्हणून चौकीत चार तास बसवलं. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत हृदय बंद पडलं. पोलिसांनी सोडलं. मुलानं साधं 'ताई, तुम्ही होतात' एवढंही म्हटलं नाही.

ही गोष्ट तिनं नवऱ्यालासुद्धा पुरती सांगितली नव्हती. ती सांगितली श्रीपाद बोडसांना.

बोडस म्हणजे तिचे मंगळवारच्या लाईनीवरचे वाचक, सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बाकीचे लोक दारातच देवघेव करतात, हे आत बोलवायचे. "बसा ना कलाताई, पाणी घ्या." खुर्ची द्यायचे. खांद्यावर ओझं घेऊन हिंडणाऱ्या बाईला कुणी खुर्ची दिली की ती विरघळते. त्यात तिची काही चूक नाही. वर्षभर बोडस विचारत गेले आणि वर्षभर ती सांगत गेली. म्हातारीची गोष्ट सांगताना रडलीसुद्धा. बोडसांनी तेव्हा मान हलवत दुसरा पेला पाणी दिलं होतं.

मागच्या दिवाळीत बोडसांची पहिली कादंबरी आली. पोलीस, तपास, खून, इन्स्पेक्टर मोहिते, सगळा मसाला. 'आपल्या डोंबिवलीचा लेखक' म्हणून वाचनालयाच्या विनीतनं एकदम सहा प्रती घेतल्या. विनीत म्हणजे मालकांचा मुलगा, कलावतीनं त्याला चड्डीत बघितलेला. सहाच्या सहा प्रती फिरू लागल्या, एकही परत येऊन दोन तास कपाटात टिकेना. त्यामुळे पोचवणारीला वाचायला मिळाली नाही, पण मतं मात्र तिच्या कानावर आदळायला लागली.

आयटीतली योगिनी म्हणाली, "कलाताई, कसली भारी आहे! शेवटच्या वीस पानांपर्यंत कळतच नाही. मी डबा न खाता संपवली." तिच्या खालच्या मजल्यावरचे पोपट शेलार, निवृत्त हवालदार, यांनी पुस्तक अक्षरशः पिशवीत फेकलं. "हा इन्स्पेक्टर हाय का कुरिअरवाला? मुद्देमाल खिशात घालून हिंडतोय! पंचनाम्याला पंच नायत! तीस वर्सं नोकरी केली मी, असला तपास केला असता तर साहेबानं उलटा टांगला असता." समोरच्या दारातून कुणी म्हणालं, अहो कादंबरी आहे ती, केस डायरी नव्हे. त्यावरून जिन्यातच जुंपली. कलावती हसत हसत खाली उतरली. पुस्तकावरून माणसं भांडतायत म्हणजे वाचनालय जिवंत आहे, एवढाच तिचा हिशेब.

पण काही दारं आता अर्धीच उघडायला लागली. एकीनं विचारलं, "तुम्ही वाचलीत का हो ती?" आणि नाही म्हटल्यावर पटकन विषय बदलला. दुसरीच्या लेकीनं तिला बघून आईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी खुदकन हसल्या. मग एका सोमवारी ती संचिताच्या दाराशी गेली. संचिता तिची नऊ वर्षांपासूनची वाचक, तिच्या बाळंतपणात कलावतीनं जास्तीचा जिना चढून तिला पुस्तकं पुरवलेली. चावी कुलपात फिरेना. आतून संचिताच आली, चेहरा पडलेला.

"मावशी, ते... कुलूप बदललं आम्ही. हे म्हणाले, सेफ्टी."

"मग नवी चावी?"

"नको म्हणतात हे. मी सुट्टीला असेन तेव्हा घेत जाईन पुस्तक. तुम्ही मनावर नका घेऊ हां. ती कादंबरी वाचल्यापासून ह्यांच्या डोक्यात काय काय येतंय."

कलावतीनं तिच्याकडून त्या कादंबरीची प्रत घेतली. उरलेली लाईन सोडून ती त्याच जिन्याच्या पायरीवर बसली आणि भर दुपारी वाचायला लागली. सव्वीस वर्षांत लाईन अर्धी सोडायची ही पहिलीच वेळ.

कादंबरीत तिसऱ्या मजल्यावर एक कंजूष, खडूस म्हातारी होती, गादीखाली सोनं दडवून झोपणारी. तिचं नाव हौसाबाई. घरोघर पुस्तकं पोचवणारी एक बाई होती, दोन कापडी पिशव्या, कानात हिच्यासारख्याच मोत्याच्या कुड्या, हिच्यासारखीच उजव्या पायानं किंचित लंगडणारी. चावीनं दार उघडून तिनं म्हातारीच्या तोंडावर उशी दाबली आणि मग मुलगा येईपर्यंत दीड तास पायावर हात ठेवून बसण्याचं नाटक केलं. इन्स्पेक्टर मोहित्यांनी ते नाटक ओळखलं. पुस्तकबाईचं नाव होतं लीलावती.

कलावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लीलावती म्हणे! जिच्या अंगावर काचेच्या बांगड्यांपलीकडे काही नव्हतं, जी सोमवारी हिच्यासाठी वाटीभर शिरा झाकून ठेवायची, त्या म्हातारीला या माणसानं तिच्याच नावानं खडूस केली आणि मारली. ज्या दीड तासाच्या आठवणीला कलावतीनं कुणाला हात लावू दिला नव्हता, तिच्यात याला नाटक दिसलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! आणि हे घरोघर पोचवलं कुणी? हिनंच, स्वतःच्या खांद्यावरून, सहा प्रती, चार महिने.

ती तशीच विनीतकडे गेली. विनीत म्हणाला, "अहो कलाताई, तुम्ही काय घेऊन बसलात! उलट तुमची पब्लिसिटी आहे ही. मी आणखी चार प्रती मागवल्यात. आणि रविवारी सर येतायत वाचकांशी गप्पा मारायला. चहाचं तेवढं तुम्ही बघाल ना?"

"बघेन," कलावती म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही, याचाही तिला राग आला.

मंगळवारी ती कमळाबाईंकडे गेली. कमळाबाई म्हणजे तिथलं जुनं आगरी घर, एकेकाळी मिठागरात राबलेली बाई, आता तीन इमारतींची मालकीण. स्वतःला वाचता येत नाही. सून कृतिका वाचून दाखवते आणि ही ऐकते. कृतिका म्हणाली की तिला कादंबरी आवडली, शेवट तर फारच. कमळाबाईंनी सुनेला गप्प केलं.

"काय आवरली गो तुला? त्या बाईनं मारलाच नाय म्हातारीला. त्या लिवणाऱ्याला कोन तरी पायजे व्हता, तवा त्यानं दारात उभी व्हती ती गरीब बघून धरली. घरात बसलेला कोन धरला नाय तो." मग तिनं कलावतीकडे रोखून बघितलं. "तू हायस ना ती?"

चार महिन्यांत हे थेट विचारणारी ही पहिली. कलावतीनं मान हलवली आणि डोळे पुसून कार्डावर अंगठा घेतला.

रविवारी संध्याकाळी वाचनालयात पन्नासेक माणसं जमली. पुढच्या खुर्चीत बोडस, झब्बा, खांद्यावर शाल. समोर त्यांनी कोरे कागद ठेवलेले, वाचकांची मतं टिपून घ्यायला. योगिनीनं तोंड भरून कौतुक केलं. पोपटरावांनी पंचांचा मुद्दा पुन्हा लावून धरला आणि अर्धं सभागृह हसलं. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "भाषा छान आहे, पण खुनाचा हेतू मला पटला नाही. जराशा सोन्यासाठी कुणी इतकी जुनी ओळख मोडेल?"

"सोनं निमित्त आहे हो," बोडस म्हणाले. "खरा हेतू सामाजिक आहे. अशी माणसं वर्षानुवर्षं दुसऱ्यांची सुखी घरं दारातून बघतात. आत काहीतरी साचत जातं. मी अशा व्यक्तीचा वर्षभर जवळून अभ्यास केलाय."

कलावती तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दुसऱ्या रांगेपाशी होती. तिनं ट्रे जवळच्या स्टुलावर ठेवला.

"काय साचतं, बोडससर?"

सगळे वळले. विनीत अर्धा उठला. "कलाताई, नंतर बोलू..."

"तू बस रे. मीही वाचक आहे, दोनदा वाचली मी." ती बोडसांकडे वळली. "सव्वीस वर्षं दारातून घरं बघते मी. साचतं ते गुडघ्यात साचतं, चार-चार मजले चढून. तुम्हाला हेतू हवा ना? ऐका. तीनशे दारं आहेत माझी. लोक पुस्तकाची वाट बघतात, माझी कुणी बघत नाही आणि बघावी असं माझं म्हणणंही नाही. एकच बाई होती, जी सोमवारी अकरा वाजले की खुर्ची ओढून दारात बसायची. पुस्तकासाठी नाही, तिला दिसतच नव्हतं. माझ्यासाठी बसायची. तीनशे दारांतलं माझं एक दार होतं ते! ते मी माझ्या हातानं कशाला बंद करीन?"

पोपटराव खुर्चीत सरळ बसले. मागच्या रांगेत नवऱ्याशेजारी संचिता होती, तिनं मान खाली घातली.

आणि बोडसांनी काय करावं? त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"वा! कलाताई, काय बोललात! 'तीनशे दारांतलं एक दार.' दुसऱ्या आवृत्तीत हे वाक्य घेतलं तर तुमची हरकत नाही ना?" आणि ते खरंच लिहायला लागले.



"नाही, हरकत कसली! पण असं नाही लिहायचं. मी सांगते तसं लिहा." ती पुढं जाऊन त्यांच्या टेबलाशी उभी राहिली. "हौसाबाई झोपेत गेल्या. लिहा."

बोडस हसले. कुणीच हसलं नाही, तेव्हा त्यांनी लिहिलं.

"त्या कंजूष नव्हत्या. लिहिलंत? कलावती घाडीनं त्यांना मारलं नाही. माझं खरं नाव लिहा, लीलावती नको. मुलगा येईपर्यंत ती त्यांच्यापाशी बसून होती, कारण त्यांना एकटं टाकवेना. आणि हे सगळं मला तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. हे शेवटचं तुमच्याकडून लिहा."

पेन थांबलं. बोडसांनी विनीतकडे बघितलं. विनीत पायाखालच्या फरशीकडे बघत होता.

"लिहा की, सर. दोनशे ऐंशी पानं लिहिलीत, एक ओळ जड जाते?"

त्यांनी लिहिलं.

"आता मोठ्यानं वाचा."

बोडसांनी शाल सारखी केली, कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचलं. पुटपुटल्यासारखं, भरभर, स्वतःच्या नाकाला सांगितल्यासारखं.

"मागं ऐकू येत नाही," कलावती म्हणाली. "परत वाचा."