जिथे काही नाही, तिथे जाणारे गृहस्थ

‘‘तिथे काही नाही रे,’’ असं म्हणत ते नकाशावर बोट ठेवायचे, आणि चेहरा मात्र असा व्हायचा, की जणू पंगतीतली शेवटची जिलबी आपल्याच पानात पडली आहे.

नकाशा फ्रान्सचा. तोही अख्ख्या देशाचा नाही, कुठल्या तरी एका जिल्ह्याचा. ऑफिसच्या कॅफेटेरियात, जेवणाच्या टेबलावर, तो ते पसरायचे. तीन कोपऱ्यांवर त्यांचा डबा, डब्याचं झाकण आणि पाण्याची बाटली. चौथ्यावर, मला न विचारता, माझी दह्याची वाटी. मग आम्ही चार-पाच मराठी माणसं पोळी चावत त्या बोटाकडे बघायचो. असा एखादा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. त्याला एक वेड असतं, आणि ते आपल्याला का नाही, या विचाराने आपण जळतो.

मी जळायचो. आडवळणाने कशाला सांगू?

दोन हजार दोन ते सहा, अशी चार वर्षं सनीव्हेलच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत आमची क्युबिकल्स शेजारी-शेजारी होती. मी तिशीच्या उंबरठ्यावर, ते पंचेचाळिशीचे. पुण्याचे, एकटे, बारीक अंगाचे. टेस्टिंगमध्ये त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण अमेरिकेत गाडी चालवायला घाबरायचे. ‘‘इथे सगळे फार खात्रीने चालवतात रे,’’ म्हणायचे. त्यामुळे रोज सकाळी मी त्यांना त्यांच्या अपार्टमेंटखालून उचलायचो. हाच माणूस दर सप्टेंबरात दोन आठवडे फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत भाड्याच्या सायकलवर एकटा फिरायचा. पॅरिसला विमान बदलण्यापुरतं थांबायचा. आयफेल टॉवर पाहिला का, असं कुणी विचारलं की म्हणायचा, ‘‘तिकडे गर्दी असते ना.’’ (‘म्हणायचा’ नाही, ‘म्हणायचे’. मनातल्या मनात मी त्यांना एकेरीच म्हणायचो, ते इथे उतरलं.)

त्यांना किल्ले लागायचे ते पडके. चर्च लागायची ती कुलूप घातलेली, किल्ली शेजारच्या घरातून मागून आणावी लागते अशी. जंगलं लागायची ती नुसती ओकची आणि चेस्टनटची, जिथे धबधबा नाही की सूर्यास्ताचा पॉइंट नाही.

परत आले की सोमवारी सकाळी गाडीत हमखास हे संभाषण.

‘‘काय बघितलंत या वेळी?’’

‘‘एक भिंत.’’

‘‘नुसती भिंत?’’

‘‘किल्ला पडलाय रे. भिंत राहिलीय. चार तास बसलो तिथे. गाई होत्या.’’

‘‘गाई आमच्याकडेही आहेत.’’

‘‘मग बघितल्यास का कधी चार तास?’’

‘‘राखल्यात,’’ मी म्हटलं. ‘‘बघायला वेळ नव्हता.’’

ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. आणि दुपारी माझं वाक्य त्यांनी अख्ख्या टेबलाला ऐकवलं. मला वाटलं होतं, टोला बसेल. बसलाच नाही. त्यांना टोला बसायचाच नाही, याचाही मला राग यायचा.

माझं थोडं सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील गवंडी. इंजिनिअर झालो तेव्हा त्यांनी गावात पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परांचीवर चढले. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. पण माझ्या शिक्षणाला एक ‘कशासाठी’ होतं. नोकरीला होतं, अमेरिकेला होतं. उगीच बघणं, कशासाठी नाही असं बघणं, मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि या गृहस्थांना ते कुणी शिकवावंही लागलं नव्हतं.

शिवाय मी अडकलेला होतो. आमच्यासारख्या व्हिसावाल्यांची गंमत अशी, की कंपनीने मुदत वाढवून घेतली की एक कागद येतो. त्या कागदावर इथे खुशाल राहा, काम करा. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत यायला पासपोर्टात चालू तारखेचा शिक्का लागतो, आणि तो बाहेर जाऊनच, रांग लावून मिळवावा लागतो. मिळाला तर मिळाला. माझा शिक्का केव्हाच संपला होता. ग्रीन कार्डाची फाइल कुठल्या तरी ढिगाखाली होती. परत येता आलं नाही तर सगळंच बुडेल, या भीतीने मी धाकट्या बहिणीच्या लग्नाला गेलो नाही. लग्न मी सीडीवर पाहिलं. अक्षता पडताना कॅमेरावाल्याने मंडपाच्या झालरी दाखवल्या होत्या.

आणि शेजारच्या क्युबिकलमधला माणूस गाई बघायला फ्रान्सला जात होता.

एका शनिवारी दुपारी आमच्यातल्याच एका जोडप्याच्या घरी पॉटलक होता. जेवणं झाल्यावर या गृहस्थांनी फ्रान्सचे फोटो दाखवायला घेतले. साठ-सत्तर फोटो झाल्यावर एका मुलाने विचारलं, ‘‘काका, इज धिस द लास्ट वन?’’

‘‘अजून फक्त ऐंशी,’’ काका म्हणाले.

तेवढ्यात पडद्यावर एक लहान चर्च आलं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘ही बाजू नंतर बांधलीय.’’

‘‘कशावरून?’’

‘‘सांधे बघा ना. खालचे थर एकमेकांना बांधून घेतलेत. इथून वरचे नुसते टेकवलेत. एकाच गवंड्याचा हात नाही हा.’’

ते पडद्याजवळ गेले, नाक टेकेल इतके जवळ. मग वळून म्हणाले, ‘‘मी या चर्चमध्ये तीनदा गेलोय. तीनदा! मला हे दिसलं नाही. अहो, ऐका सगळे. याचे वडील गवंडी आहेत. डोळा बघा याचा!’’

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कुणी तरी ‘वा’ म्हणालं. माझे कान तापले. वडील गवंडी आहेत हे मी स्वतःच सांगतो, पण मला हवं तेव्हा, मला हव्या त्या आवाजात. यांनी ते हळदीकुंकवाच्या वाणासारखं वाटून टाकलं. आणि त्यातली खरी गोम अशी, की त्यांना मनापासून कौतुक वाटलं होतं. त्या कौतुकात खोट सापडली असती तर मी सुखाने झोपलो असतो.

त्या वर्षी किल्लीवाल्या एका म्हातारीने त्यांना दिलेल्या जांभळ्या प्लमच्या जॅमची बाटली त्यांनी मला आणून दिली. ‘‘दोनच दिल्या तिने. एक तुझी.’’ मी तो जॅम पोळीला लावून रागारागाने खाल्ला. उत्तम होता.

दोन हजार सहाचा सप्टेंबर आला. दरवर्षीप्रमाणे त्यांना विमानतळावर सोडायला मी निघालो. ते खुशीत होते.

‘‘कंपनीने तीन वर्षं वाढवून घेतली बघ,’’ म्हणत त्यांनी कागद दाखवला. ‘‘आता चिंता मिटली.’’

सिग्नल लाल होता. कागद घडी करून ते पासपोर्टात ठेवत होते आणि ते पान उघडं होतं. अमेरिकेचा शिक्का. खाली तारीख. ती मे महिन्यातच उलटून गेली होती.

मला ती तारीख वाचायला क्षणही लागला नाही. स्वतःच्या पासपोर्टावरची तसलीच तारीख मी चार वर्षं दर आठवड्याला वाचत होतो. त्यांना मात्र आजवर ती वाचायची वेळ आली नव्हती. आधीच्या सगळ्या फेऱ्या चालू शिक्क्यावर झाल्या होत्या. फ्रान्सचा व्हिसा होता, हातात नवा कागद होता. त्यांना वाटत होतं, झालं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ते म्हणाले, ‘‘या वेळी तीन दिवस नुसतं जंगल. काही नाही तिथे! तूही चल रे एकदा. मनावर घे. जमतं सगळं.’’

मनावर घे. जमतं सगळं.

सिग्नल हिरवा झाला. मी गाडी पुढे काढली आणि काही बोललो नाही. मनाशी म्हटलं, यांना माहीत असणारच. यांच्यासारख्यांची काही तरी सोय असतेच. हे मी स्वतःला सांगितलं, आणि सांगतानाच मला कळत होतं की हे खोटं आहे.

दोन आठवड्यांनी, सकाळी नवाच्या सुमाराला, माझ्या डेस्कवरचा फोन वाजला.

‘‘अरे, मी पॅरिसहून. विमानात घेत नाहीयेत मला. म्हणतात, शिक्का नाही. कागद दाखवला, तर म्हणतात हा नव्हे. आता काय करायचं?’’

‘‘थांबा,’’ मी म्हटलं. ‘‘वकिलाला विचारतो.’’

विचारलं. उत्तर मला पाठ होतं, तरी विचारलं. तिथल्या तिथे शिक्का मिळतो का बघायला ते तीन आठवडे पुन्हा त्या प्लमवाल्या म्हातारीच्या गावात जाऊन राहिले. ऑफिसात सगळे हसायचे. ‘‘यार, अडकला तर कुठे! आपण अडकलो असतो तर अंधेरीत.’’ त्यांची मेल यायची, जंगलात चेस्टनट पडायला लागलेत, डुकरं येतात खायला. आणि काय सांगू, ज्याने तोंड बंद ठेवून त्यांना तिथे अडकवलं, तो मी त्या चेस्टनटांवरही जळलो.

तिथे शिक्का मिळाला नाही. पुण्याला जावं लागलं. वकिलातीत मुलाखतीची तारीख लांब, मग आणखी कागद, मग थांबा. कंपनी डिसेंबरापर्यंत थांबली. मग त्यांचं काम माझ्याकडे आलं आणि त्यांची जागा रद्द झाली.

अपार्टमेंट रिकामं करायला मीच गेलो. पुण्याहून त्यांनी फोनवर सांगितलं, पुस्तकं कुणाला तरी दे, कुकर तू ठेव. दाराच्या मुठीला एक इस्त्रीचा शर्ट टांगलेला होता, सोमवारी ऑफिसला घालायचा. फ्रिजवर चिठ्ठी होती. वर लिहिलं होतं, ‘आल्यावर’. खाली दूध, बटाटे, लायब्ररीची तीन पुस्तकं. आणि शेवटी, ‘गाडी शिकणे, या वेळी नक्की. त्याला विचारणे.’

‘त्याला’ म्हणजे मला.

जानेवारीत एका संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. बराच वेळ इकडचं-तिकडचं बोललो. मग म्हटलं, ‘‘एक सांगायचंय. त्या दिवशी गाडीत मी तुमचा शिक्का बघितला होता. तारीख संपलेली. मला दिसलं होतं. मी बोललो नाही.’’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणी तरी गॅस बारीक केला.

‘‘मलाही माहीत होतं रे,’’ ते म्हणाले.

‘‘काय?’’

‘‘शिक्का संपलाय ते. म्हटलं, बघू काय होतं ते. गेलो.’’

माझ्या डोळ्यांपुढे तो इस्त्रीचा शर्ट होता. दूध, बटाटे होते. त्यांनी गाडीत आनंदाने नाचवलेला तो कागद होता.

‘‘असं होय,’’ मी म्हटलं.

‘‘मग! तू कशाला लावून घेतोस मनाला? जेवलास का?’’

त्यांनी मला सोडवलं. एका वाक्यात, विचारही न करता. आणि फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं, तर मी पुन्हा जळत बसलो. इतकं सहज खोटं बोलून दुसऱ्याच्या अंगावरचं ओझं उतरवणं, हेसुद्धा यांनाच यावं! आमच्या दोघांत माझ्याकडून एकदाच एक खरं वाक्य निघालं, तर यांनी तेही लहान करून टाकलं.

पुढे फोन कमी होत गेले. मला ग्रीन कार्ड मिळालं, घरी जाऊन आलो, बहिणीच्या मुलाला मांडीवर घेतलं. पुण्यात दोन दिवस होतो. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन आलो, आत गेलो नाही. आमची भेट पुन्हा झाली नाही.

विमानतळावरचा शेवटचा क्षण मात्र तुम्हाला सांगितला नाही. त्या दिवशी मी त्यांना उतरवलं. पाठीवर बॅग घेऊन ते काचेच्या दारातून आत गेले. मी गाडी काढणार, तोच ते परत बाहेर आले, धावत, बॅग सावरत, आणि माझ्या काचेवर टकटक करायला लागले. वाटलं, आता विचारणार. मनात ठरवून टाकलं, विचारलं तर सांगायचं.

मी काच खाली केली.

‘‘मागच्या उजव्या चाकात हवा कमी आहे रे,’’ ते धापा टाकत म्हणाले. ‘‘आत्ता दिसलं. फ्रीवेला लागायच्या आधी भरून घे. विसरशील.’’

‘‘बरं,’’ मी म्हटलं.

ते पाठमोरे आत गेले. मी जवळच्या गॅस स्टेशनवर थांबलो, गुडघ्यावर बसलो, आणि हवा भरून घेतली.