पिंपाचं मडगार्ड
कापलेल्या पत्र्याचा वास आला की अजून मान खाली जाते. दुष्काळाच्या साली सोलापुरात मिस्त्रींच्या अंगणात आम्ही एक जुना ट्रक दुरुस्त करत होतो. शाळा सोडून परगावी आलेल्या मला त्यांनीच घरात थारा दिला होता, तरी काम दिसलं नाही तर परत धाडतील, ही धास्ती असायची. मडगार्डला बाकदार पत्रा मिळेना, म्हणून मी दाराशी पालथं घातलेलं पिंप छिन्नीनं उभं कापलं. मिस्त्रींची बायको धावत आली. “आरं देवा, आत्ता नळ येईल की! पाणी काय तुझ्या मडगार्डात भरू व्हय?” “भंगार वाटलं, मावशी.” “ऱ्हाऊ दे, नवखं पोर, त्याला काय ठावं,” म्हणत मावशींनीच मला जेवायला वाढलं. त्याच सकाळी त्या पिंपाच्या तळाचं पाणी त्यांनी मला अंघोळीला काढून दिलं होतं. मला सगळं ठाऊक होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.